खाली बघून समाधान

दोस्तांनो, गिरणीत जॉबर सांगतो, बदलीवाल्याकडं बघ, तुझं बरंय, आभार मान. पण माझं समाधान टिकायचं तर तो बदलीवालाच राहायला पाहिजे! बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते हेच. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी, म्हणून वरच्याविरुद्ध एकी होत नाही.

आमच्या भाटघरला १९२८ साली धरण पुरं झालं. वेळवंडीचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या रानात गेलं. इथं जमीन बुडालेल्याला काय सांगायचं, घरही बुडालेल्याकडं बघ? मग तो कुणाकडं बघणार? आणि धरणाचा हिशेब कोण विचारणार?

आभार मानावेत, अर्धी भाकर देणाऱ्याचे. दुसऱ्याच्या उपाशीपणाचे नव्हे. खाली बघायचंच तर हात द्यायला बघा.