मारायचं की काढायचं

छत्रपती संभाजीनगरातल्या दिल्ली गेटजवळच्या सलीम अली सरोवराच्या काठाने चालताना ओळखीचे एक निवृत्त अभियंते म्हणाले, "एकदा औषध फवारलं की ही घाण कायमची जाईल." घाण म्हणजे पाण्यावरचा हिरवा थर. 'कायमची' हा शब्द मला खटकला.

अशा थरात बोट बुडवून पाहावं. रव्याएवढे हिरवे दाणे चिकटले, आणि त्यांना ना मूळ, ना खोड, ना पान, तर ती वुल्फिया. जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती, जेमतेम मिलिमीटरभर. तिला फूलही येतं: एक पुंकेसर, एक स्त्रीकेसर, एवढाच संसार. पण फुलासाठी ती खोळंबत नाही, अंगातूनच नवा दाणा फुटतो. भारतातली वुल्फिया मायक्रोस्कोपिका पोषक पाण्यात सुमारे ३० तासांत दुप्पट होते. फवारणीतून चार दाणे वाचले तरी 'कायमची'चा निकाल लागला.

बदकांच्या पायांना, पिसांना चिकटून ती एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते. हे सरोवर मूळचं खिजरी तलाव, त्याला आपण सलीम अली या पक्षितज्ज्ञाचं नाव दिलं. मग पक्ष्यांबरोबर येऊ शकणाऱ्या पाहुणीवर एवढा राग का? थायलंडात तर ती ताटात असते, 'खाई नाम' म्हणून. वाळवलेल्या वुल्फियात २० ते ३० टक्के प्रथिनं भरतात. शिवाय सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद ती शोषते, आपली उस्तवार फुकटात करते. तेव्हा राहू द्या तिला, असं मी ठासून सांगितलं. अभियंत्यांनी नुसतं हं केलं.

पण शोषलेलं जातं कुठे? दाणा मेला की तळाला बसून कुजतो, नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात. कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. वर थर दाट असला तर खाली ऊन पोचत नाही, मासे गुदमरतात. मारणं आणि काढणं यांत मी नेहमीच फरक करत आलो. इथे मात्र राहू देणंही मारण्याच्याच पंगतीला बसतं. फवारणी सगळी कुजवण एका झटक्यात पाण्यात टाकते, राहू देणं हप्त्याहप्त्याने. हिशेब तोच.

मग उरतं ते काढणं. जाळीने गाळून, काठापासून लांब नेऊन. सांडपाण्यातले जड धातूही ती अंगात साठवते, म्हणून तळ्यातली वुल्फिया जनावरांपुढे टाकू नये, तिचं खत भाजीला घालू नये. आणि जोवर सांडपाणी तळ्यात उतरतंय, तोवर हे काम दर आठवड्याला करावं लागेल. महापालिकेने निविदा काढायचीच तर औषधाची नको, जाळीची आणि ती ओढणाऱ्या माणसांच्या मजुरीची काढावी.