मन घट्ट कर म्हणण्याआधी

एखादा माणूस उदास दिसला की आपण चटकन म्हणतो, "अरे, मन घट्ट कर!" सल्ला खोटा नव्हे. पण ज्याचे मनच खचले आहे त्याला असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहायला शिकवणे होय. तेव्हा विचार असा करावयाचा की, माणसाचे मन सांभाळण्याचा भार एकट्या त्याच्यावरच का टाकावा?

आमच्या दिंडीत एक गृहस्थ आले होते. मंडळी गेल्यापासून बोलणे टाकलेले. दिवसभर ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे. मुलाने बळेच आणून सोडले. विणेकरी जाणता. त्याने उपदेशाचा एक शब्द काढला नाही. हातात टाळ दिले, ओळीत जागा दाखवली आणि मुक्कामाला पाणी भरण्याचे काम लावून दिले. दिवे घाट चढताना गृहस्थांना दम लागला, तसा शेजारच्याने पाय आवरता घेतला. सासवडला पाय दुखतात म्हणून कुरकुरले. वाल्ह्याच्या मुक्कामी मात्र आपण होऊन म्हणाले, "पाणी कमी पडतंय, अजून दोन घागरी आणतो." इतके दिवसांनी फुटलेले हे वाक्य! त्यात वैराग्य नाही की ब्रह्मज्ञान नाही. पण चालून दमलेल्या देहाला रात्री झोप लागली होती, आणि आपण ओळीत नसलो तर खिंडार दिसते हे त्यांना उमगले होते.

हा आमचा भाबडेपणा म्हणून कोणी सोडून देईल, म्हणून परका दाखला देतो. नॉर्वे देशात ३३,९०८ माणसांवर अकरा वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांनी आठवड्यातून निदान एक तास व्यायाम केला असता, तर पुढे आलेल्या नैराश्यापैकी शेकडा बारा टळले असते, असा त्यांचा हिशेब आहे. व्यायाम जोराचा की हलका, याने फारसे बिघडले नाही.

यावर आमचा शेतकरी विचारील, "महाराज, मी तर दिवसभर राबतो. मग माझं मन का खचतं?" प्रश्न रास्त आहे. तो अभ्यास फावल्या वेळच्या व्यायामाचा होता. कर्जाचा घोर डोक्यात घेऊन एकट्याने मारलेले औत आणि चारचौघांत मोकळेपणी टाकलेले पाऊल, यांत अंतर आहे. घरच्या बायांचेही तेच. अंग थकते, पण मन मोकळे करायला कोणी नसते. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात २०१३ पासून 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याचे शिक्षण दिले. ऐकणे शिकावे लागते, हे आपल्या फार उशिरा ध्यानात येते.

एक मात्र बजावतो. रोग जडल्यावर डॉक्टर हवाच. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी काढली तर त्याला एकटे सोडू नये. सरकारची १४४१६ ही दूरध्वनीसेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आहे. माळ घातलेल्याने औषध घेण्यात कसला कमीपणा?

वारी संपली, आणि घरी येताच ते गृहस्थ पुन्हा भिंतीला टेकले. तेव्हा आम्ही दोघांनी पहाटे मारुतीच्या देवळाकडे त्यांच्या दारावरून, त्यांना हाक मारून जायचे ठरवले. मध्यंतरी खुरपणीचे निमित्त झाले नि आठ दिवस आम्हीच गेलो नाही. नवव्या दिवशी सून म्हणाली, "मामंजी घोंगडीवरून उठलेच नाहीत. रोज पहाटे विचारायचे, आले का म्हणून."

आता खंड नाही. कधी ते येतात, कधी आतूनच "आज नको" म्हणतात. मग आम्ही घटकाभर ओसरीवर बसतो आणि पुढे निघतो.