याकोबाची पकड

वाचन : उत्पत्ती ३२:२२–३२, ३३:१–४



लाल मातीत एखादा किरकोळ गडी आडदांड पैलवानाला अस्मान दाखवतो, तेव्हा बघणारे म्हणतात, 'डाव बसला!' धोबीपछाड सर्वांच्या परिचयाचा आहे. अंगावर येणाऱ्याचा हात धरून त्याला पाठीवरून पुढे फेकायचे. त्याचाच जोर त्याला नडतो.

जपानात जिगोरो कानो या ठेंगण्या तरुणाने जुन्या जुजुत्सू विद्येतून १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली, तीही टोकियोतील एका बौद्ध मंदिरात. आपली विद्या तो गणिताने समजावून देई. समोरच्याचे बळ दहा, माझे सात. मी अडून राहिलो तर हरणारच. पण तो ढकलीत असता मी तेवढाच मागे सरलो, तर त्याचा तोल जातो, आणि दहापैकी तीनच बळ उरते. माझे सात मात्र जागच्या जागी! शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी दोन मुले समोरासमोर उभी करून हे जरूर दाखवावे. (खाली सतरंजी असावी.)

मात्र एक सावधगिरी हवी. कानोच्या विद्येत मागे सरायचे ते पाडण्यासाठीच. दुसरा गाल पुढे करण्याची प्रभूची आज्ञाही पुष्कळ जण अशीच वापरतात. पंचांच्या सभेत नमते घेतात, आणि भावाचा तोल कधी जातो याची वाट पाहतात. शिवाय डाव मोठ्यालाही शिकता येतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतोन गेसिंक या धिप्पाड डच ज्यूदोपटूने जपानच्या आकिओ कामिनागाला चटईवर दाबून धरले आणि सुवर्णपदक नेले.

याकोब तर जन्मतःच पेचाचा गडी. उदरातून निघाला तोच एसावाची टाच धरून! भाऊ शिकारी, दणकट. त्याला याने चीत केले ते वरणाच्या वाटीने आणि करडांच्या कातड्याने. यब्बोकेच्या काठी मात्र डाव संपले. पलीकडून एसाव चारशे माणसे घेऊन येत होता. रात्रभर झोंबी चालली, आणि पहाटे त्या पुरुषाने स्पर्श केला तो नेमका जांघेच्या सांध्याला. कोणत्याही पैलवानाला विचारा, जोर कोठून निघतो? तेथूनच. तेच निखळले. आता उचलणे नाही, फेकणे नाही. फक्त धरून राहायचे. होशेय संदेष्टा सांगतो की तो रडला. आशीर्वाद मिळाला तो या लंगड्याला.

आपल्या मंडळ्यांत घराच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले सख्खे भाऊ आहेत. प्रभुभोजनाला ते एकाच रांगेत बसतात. त्यांनी पुढचा अध्याय वाचावा. आदल्या रात्री सर्वांना ओढ्यापार लावून मागे राहिलेला याकोब आता बायकामुलांच्या पुढे निघाला, सात वेळा भूमीपर्यंत नमत. त्या पायाने पळता येत नव्हते, आणि कोणाला पाडताही येत नव्हते. एसाव धावत आला, त्याच्या गळ्यात पडला, आणि दोघेही रडले.