खात नाही, लावते

मान वर कर. माझ्याकडे बघ. सातवा लागला म्हणून मी तुझी ओटी भरायला आले, आणि परसात काय बघते, तर तू चुलीपुढं बसून तव्यावर मिश्रीसाठी तंबाखू भाजतेस. ठसक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू नाकाला पदर लावून उलथनं फिरवत होतीस. नाक झाकलंस, पोरी. पोटातल्याला काय झाकलंस?

वर म्हणतेस, "बाई, सोडायचा प्रयत्न चाललाय. पाच वेळा लावायची, आता दोनदाच." जिला सोडायचीय तिच्या तव्यावर महिन्याभराची बेगमी भाजली जात नाही. दोनदा लावायला एवढी लागते? तुला मी हिशेब शिकवलाय. माझ्यासमोर तरी चुकीचा मांडू नकोस.

त्याहून मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. उपकेंद्रात नर्सबाईंनी तुला विचारलं, तंबाखू खातेस का? तू म्हणालीस, नाही. त्यांनी कार्डावर तसं लिहून घेतलं. आणि मला सांगतेस, खोटं कुठं बोलले, मी खात नाही, लावते! क्रियापद बदललं म्हणून तंबाखूचं दुसरं काही झालं का? बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवतेस, ओसरीच्या कडेला बसून किती तरी वेळ थुंकत राहतेस, तेवढ्या वेळात हिरड्यांच्या नाजूक कातडीतून निकोटिन सरळ रक्तात उतरतं. गिळावं लागतच नाही. ते रक्तवाहिन्या आवळतं, आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. तुझ्या डोक्याला जी तरतरी येते ना, तिच्यातला वाटा त्यालाही जातो. त्याला थुंकता येत नाही.

आपल्याकडे बाईनं बिडी ओढली तर अख्खी आळी तोंडात बोट घालेल. मिश्री लावली तर कुणी वळूनही बघत नाही, कारण ती दात घासायची गोष्ट झालीय. दात घासायची? १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. जे कारखान्यात करायला मनाई आहे, ते तू घरच्या तव्यावर करतेस. आणि वर भाजून, काळं करून. भाजल्यानं तंबाखू निर्मळ होत नाही, जळण्यातून आणखी विषारी द्रव्यं तयार होतात.

सासूबाई आत बसल्यात, त्यांनाही ऐकू जाऊ दे. त्या म्हणतात, आम्ही मिश्री लावूनच पोरं काढली. काढली असतील. पण जी पोटातच गेली, जी सव्वा महिना ओलांडू शकली नाहीत, ती या मोजणीत का नाहीत? गावात बायका जगलेली पोरं सांगतात, बाकीच्यांचा विषय निघाला की दुसऱ्या कामाला लागतात. मी पट्टीनं मोजलेलं सांगते. मुंबईत बाराशेच्या वर गरोदर बायकांची नीट नोंद ठेवून अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्यांत मिश्रीवाल्याच सगळ्यात जास्त होत्या, अगदी तुझ्यासारख्या. तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं तुझ्या तोंडावर दिसतंय. सरासरी शिकवली होती मी तुला. सरासरी म्हणजे सगळ्यांचं सारखंच कमी होतं असं नाही. कुणाचं थोडं जातं, कुणाचं एवढं जातं की बाळ अडीच किलोच्या खाली येतं, कुणाचं दोन महिने आधीच येतं. त्याच बायकांच्या नोंदींतून पुढं हेही निघालं की मूल मेलेलंच जन्माला येण्याचं प्रमाण तंबाखू वापरणाऱ्यांत दुपटीच्या वर होतं. हे ओटी भरायच्या दिवशी बोलू नये, मला कळतं. पण ओटी भरून गप्प घरी जायचं, हे मला जमणार नाही.

तू सातवीत असताना तुझ्या हिरड्या काळ्या दिसायच्या. मी म्हणायचे, दात नीट घासत जा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तू घासतेस, आणि कशानं घासतेस. ते माझं चुकलं. म्हणून आज पुन्हा डोळेझाक करणार नाही.

आता तुझी कारणं. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतेस. मग ते नर्सबाईंना सांग, त्यावर उपाय आहे. पाणी पी, पालेभाजी खा, संध्याकाळी चालून ये. एकदम सोडली तर बाळाला धक्का बसेल, हे तुला कुणी सांगितलं? कुणाही शहाण्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. कुठल्याही महिन्यात सोड, त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे. सोसायचं आहे ते तुला. डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप मोडेल. पहिले तीन-चार दिवस फार जड जातील, हे मी लपवत नाही. मग तीन-चार आठवड्यांत उतरत जाईल. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटं उठून काम कर, बडीशेप चघळ, चूळ भर, मला फोन कर. रात्री अकराला केलास तरी मी रागावणार नाही. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा फुकट फोनही आहे, १८००-११-२३५६. लिहून घे, नुसती मान हलवू नकोस. आणि निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम दुकानातून आपल्या मनानं आणून खायचं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही.

जावईबापूंनाही सांगते, दारातून निघून जाऊ नका. बायकोला मिश्री सोड म्हणायचं आणि तिच्याच उशाशी बसून बिडी ओढायची? तो धूर तिच्या छातीत जातो आणि तिथून बाळाकडे. बाजारातून तंबाखूची पुडी कोण आणतं? तुम्हीच ना? मग ती एकटी कशी सोडेल? दर चार पावलांवर घरातच डबी ठेवलेली, सासू सकाळी शेजारी बसून लावणार, आणि सोडायचा प्रयत्न मात्र या एका पोरीनं करायचा. सासूबाई, तुम्हाला सोडवत नसेल तर निदान हिच्यासमोर लावू नका. एवढं नातवासाठी करा. बाळ झाल्यावर लावू म्हणून डबी जपून ठेवायची नाही, निकोटिन अंगावरच्या दुधातही उतरतं.

रडू नकोस. रडून झालं की काम राहतंच. तू मूळची हट्टी आहेस. पाढा आला नाही तर मधल्या सुट्टीत डबा न उघडता पाठ करत बसायचीस, मी पाहिलंय. तो हट्ट आता कुठं गेला?

तवा उतरव. तव्यातलं आणि डबीतलं, दोन्ही माझ्यासमोर उकिरड्यावर नेऊन टाक, वर राख आणि शेण घाल. मसाल्याच्या डब्यामागची डबीही आण, मला दिसलीय ती. उद्या सकाळी नऊला तयार राहा, मी तुझ्याबरोबर उपकेंद्रात येते. मी दारात थांबेन, तुझ्या वतीनं काही बोलणार नाही. नर्सबाईंनी विचारायची वाट बघायची नाही. कार्ड पुढं करायचं आणि सांगायचं, मी रोज मिश्री लावते, कार्डावर चुकीचं लिहिलंय, मला सोडायची आहे. खालमानेनं पुटपुटायचं नाही. पूर्ण वाक्यात, मला दारात ऐकू येईल एवढ्या आवाजात.