शेजाऱ्यांचा समान हेतू

आळीतील मंडळाचा हेतू काय, असे कोणी विचारले की आपण कार्यक्रमांची यादी पुढे करतो : सण, सहल, गुणगौरव. परंतु कार्य आणि हेतू या भिन्न गोष्टी होत. केवळ एकत्र राहणे, परस्परांना उपद्रव न देणे व देवघेव करणे एवढ्याने नगर सिद्ध होत नाही, चांगले जीवन हे त्याचे साध्य होय, असे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादन आहे.

वसईच्या वाड्यांतील बावखले पाहिली की हा विचार मूर्त होतो. बावखल एकाच्या जमिनीत असते. त्यात मुरलेले पावसाचे पाणी मात्र शेजाऱ्यांच्याही विहिरी गोड्या राखते. ते बुजवल्यास मालकाला भूखंड मिळतो, खारे पाणी सर्वांच्या वाट्याला येते. अशा वेळी सलोखा बिघडू नये म्हणून आपण, आम्हां धर्मगुरूंसह, मौन पाळतो. तो सलोखा नव्हे, भित्रेपणा होय.

व्यक्तीचे हित व समाजाचे हित यांत केवळ संख्येचा नव्हे, स्वरूपाचाही भेद आहे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. म्हणून हा प्रश्न हात वर करून सुटणार नाही. मालकाने बावखल राखावे अशी अपेक्षा असेल, तर गाळ उपसण्यास आळीने उतरले पाहिजे आणि त्याला ज्या गरजेपायी जमीन विकावीशी वाटते, तिचा भारही वाटून घेतला पाहिजे. अन्यथा आपण त्याच्याकडून त्याग मागतो आणि स्वतः केवळ पाणी पितो.

मंडळाच्या पहिल्या सभेत ‘काय करायचे?’ याआधी ‘परस्परांसाठी काय सोडायचे?’ हे ठरावे. हेतू तेथूनच स्पष्ट होऊ लागेल.