निरोगी दिवसाचा आकडा

पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. काळ दारात आला की प्राण ब्रह्मांडी चढवायचे आणि तो माघारी फिरला की उतरवायचे, असं करत ते चौदाशे वर्षं जगले, अशी त्यांची कथा. सामान्य रुग्णाच्या बाबतीत काळाची चाहूल इस्पितळालाच घ्यावी लागते. त्यासाठी अतिदक्षता विभागांत १९८५ पासून ‘अपाचे २’ आणि १९९६ पासून ‘सोफा’ या गुणांकन पद्धती रुळल्या. सोफात सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण मिळतात. बेरीज जितकी मोठी तितका मृत्यूचा धोका मोठा. एकूण रुग्णांबाबत हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तो सुरुवातीलाच चुकू शकतो, कारण ‘नॉर्मल’ काय हे त्यात दुसऱ्यांच्या रक्तावरून ठरलेलं असतं.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी जेमतेम दहा-वीस दिवस टिकतात. त्या सतत फुटत राहिल्यामुळे रुग्णाचं बिलिरुबिन तब्येत ठीक असतानाही दोन-तीनवर असू शकतं, डोळे पिवळसर दिसतात. सोफाच्या तक्त्यात २ ते ५.९ या बिलिरुबिनला यकृताचे दोन गुण, म्हणजे काहीच नवीन बिघडलेलं नसताना धोका वाढलेला दिसतो. मूत्रपिंडाचं उलट होतं. तरुण रुग्णाचं मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त गाळत असतं, म्हणून त्याचं क्रिएटिनिन नेहमी ०.५ च्या आसपास राहतं. ते १ वर गेलं तर दुप्पट झालं, पण सोफाचे गुण शून्यच आणि लॅबच्या रिपोर्टवर तो आकडा ठळकसुद्धा होत नाही. एका अवयवाची खोटी ओरड आणि दुसऱ्याची दबलेली हाक, दोन्ही एकाच कागदावर. जंतुसंसर्गाने अवयव निकामी होतात त्या सेप्सिसच्या २०१६ च्या व्याख्येने नुसती बेरीज न पाहता तिच्यातली वाढ पाहायला सांगितलं, हे खरं. पण आधीचे गुण ठाऊक नसतील तर ते शून्य धरावेत, अशीही सूट त्यात आहे. आपल्याकडे रात्री दाखल होणाऱ्या रुग्णाबाबत बहुधा हेच घडणार.

अनुभवी डॉक्टरला आकडे कशाला लागतात, असं कोणी म्हणेल. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये हे म्हणणं काही अंशी मान्य करता येईल. तिथल्या परिचारिकेलासुद्धा हा आजार ओळखीचा असतो. पण आजाराचं दुर्मीळपण प्रदेशागणिक बदलतं. पुणतांबा सिकलसेलच्या त्या पट्ट्याच्या बाहेर आहे. मात्र गोदाकाठच्या या ऊसपट्ट्यात भिल्ल वस्त्या आहेत, हंगामात बाहेरून तोडीच्या टोळ्या येतात. पाणी कमी पडणं आणि अतिश्रम ही सिकलसेलमधल्या वेदनेच्या झटक्याला निमंत्रणंच. असा रुग्ण शिर्डीला किंवा लोणीला पोचतो तेव्हा त्याची तक्रार पाय आणि कंबर ठणकण्याची असते. खरा धोका पुढे उभा राहतो. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सिकलसेलमध्ये फुप्फुसं अचानक बिघडतात त्या ‘छातीच्या तीव्र झटक्या’च्या ६७१ प्रसंगांचा अभ्यास आला. त्यातले जवळपास निम्मे रुग्ण भरती झाले होते ते दुसऱ्याच कारणासाठी, मुख्यतः वेदनेसाठी. छाती नंतर, वॉर्डात असताना बिघडली. हे ध्यानात न घेता भरतीच्या वेळच्या एका गुणसंख्येवर विसंबलं, तर नेमका जीवघेणा टप्पा नजरेतून निसटतो.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. धोका जास्त असा शेरा एकदा पडला की पुढे पाठवून मोकळं होण्याची घाई होते, नातेवाईक हाय खातात, आणि घरी नेण्याची भाषा सुरू होते. ही भीती निराधार नाही. शिवाय सल्ला डावलून नेलेला, दवाखान्याच्या बोलीत ‘डामा’ झालेला, रुग्ण घरी दगावला तरी इस्पितळाच्या मृत्यूनोंदीत येत नाही. धोका वर्तवण्यासाठी अशा नोंदींवर शिकवलेलं संगणकी यंत्र त्याला वाचलेला समजेल. अमेरिकेत न्यूमोनियाच्या नोंदींवर शिकलेल्या एका प्रारूपाने दमेकऱ्यांना कमी धोक्याचं ठरवलं होतं. त्यांना तातडीने अतिदक्षता मिळत होती म्हणून ते वाचत होते, आणि यंत्राला तेवढंच दिसलं. म्हणून या गुणसंख्येचा उपयोग एकाच दिशेने व्हावा: लक्ष वाढवण्यासाठी, रक्त लवकर मागवण्यासाठी, रुग्ण वेळेत हलवण्यासाठी. कोणाची खाट काढून घेण्यासाठी तिचा आधार घेता कामा नये.

तरीही मूळ गरज यंत्राची नाहीच, असं मला वाटतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्ड देण्याचं ठरलं. कार्डावर रुग्ण की वाहक, एवढी नोंद असते आणि चर्चा बहुतेक लग्न जुळवण्याभोवती फिरते. जो वाहक नाही, रुग्ण आहे, त्याच्या कार्डावर तब्येत बरी असतानाचं हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, ऑक्सिजनचं प्रमाण आणि पूर्वी छातीचा झटका येऊन गेला का, एवढं लिहायला काय हरकत आहे? हे आकडे वयाबरोबर बदलतात, हे मान्य. पण सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेणाऱ्याचं रक्त अधूनमधून तपासावंच लागतं. त्याच फेरीत जुनी नोंद खोडून नवी करता येईल, आणि ते काम गावच्या आरोग्य केंद्रातही होण्यासारखं आहे.