शितावरून भाताची परीक्षा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण स्वयंपाकघरातून आली असली, तरी तिच्या पोटात एक ज्ञानशास्त्र दडलेले आहे. भांडे एक, तांदूळ एका जातीचा, पाणी आणि आच सर्वांना सारखी. म्हणून एक शीत बोटांनी दाबून पाहिले की सगळ्या भाताविषयी बोलता येते. यांतील एखादी अट सुटली, तर तीच परीक्षा फसवी ठरते. आधुनिक वैद्यकाने गेले शतकभर प्रयोगशाळेतील उंदराला असे शीत मानले. तसे मानण्याचा अधिकार त्यास कितपत होता, हा प्रश्न विज्ञानाइतकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या शिताची ओळख करून घेऊ. १९२१ साली अमेरिकेतील क्लॅरेन्स कुक लिटल यांनी अ‍ॅबी लेथ्रॉप या उंदीरपालन करणाऱ्या बाईंकडील उंदरांपासून एक वंश सुरू केला. आज जगभर वापरला जाणारा ‘सी ५७ ब्लॅक ६’ हा काळा उंदीर त्यातूनच आला. भावाबहिणींचा संकर पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्याने या वंशातील उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ जुळ्यांसारखे असतात. लिटल यांनीच १९२९ मध्ये मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली आणि तेथे १९४९ साली काही असामान्य लठ्ठ उंदीर आढळले. त्यांची भूक भागतच नसे. त्यामागील जनुक शोधून काढण्यास १९९४ साल उजाडले. रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, चरबीच्या पेशींतून निघून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असे कळविणारे एक संप्रेरक या उंदरांत तयारच होत नाही. ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव लेप्टिन ठेवण्यात आले.

या शोधाने एक जुना नैतिक निवाडा डळमळीत केला. स्थूल माणसाला जिभेवर ताबा नाही, असे म्हणणे सोपे असते; पण ज्या देहाला तृप्तीचा निरोपच पोहोचत नाही, त्याला असंयमी कसे म्हणावे? तरीही येथेच शिताची मर्यादाही दिसली. लेप्टिनचा जन्मजात अभाव असलेल्या मोजक्या मुलांना ते संप्रेरक टोचून दिल्यावर विलक्षण गुण आला. परंतु बहुसंख्य स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असते, त्यामुळे त्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उंदराने यंत्रणा खरी सांगितली होती. साऱ्या मनुष्यजातीची कहाणी मात्र तिच्यात मावत नव्हती.

आता लिंगभेदाकडे वळू. या काळ्या उंदराच्या नरांना स्निग्ध आहार दिला, तर ते वेगाने लठ्ठ होतात आणि त्यांच्या शरीराला रक्तातील साखर आवरेनाशी होते. त्याच वंशाच्या, त्याच आहारावरील तरुण माद्या या परिणामाला बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत. त्यांची अंडाशये काढून टाकली की हे संरक्षण ओसरते. असे असता स्थूलतेचे आणि मधुमेहाचे असंख्य प्रयोग दीर्घकाळ केवळ नरांवरच होत राहिले. मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, त्यामुळे तिची मोजमापे अस्थिर, असे कारण दिले जाई. २०११ साली अ‍ॅनालीझ बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी जीवशास्त्राच्या दहा शाखा तपासल्या, तेव्हा आठांत नरांकडे झुकता कल आढळला. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांचे परीक्षण झाले आणि माद्यांची मोजमापे नरांपेक्षा अधिक अस्थिर नसतात, उलट काही बाबतींत नरांचीच अधिक विखुरलेली असतात, असे निष्पन्न झाले. जे कारण म्हणून सांगितले जात होते, ते पारखून कोणी पाहिलेच नव्हते.

आपल्या नैयायिकांनी या दोषाला फार पूर्वी नाव दिले आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे अनुमान निर्दोष. पण ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे सदोष, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धूर निघण्यास ओले सरपण लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे ‘उपाधी’. ‘जेथे स्निग्ध आहार तेथे लठ्ठपणा व मधुमेह’ या प्रयोगशाळेच्या सिद्धांतात उंदराचे नर असणे हे असेच ओले सरपण होते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते नेहमीच होते, म्हणूनच ते दिसले नाही.

पण ‘मादी’ हे तरी एकच कारण आहे काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत आर्थर आर्नोल्ड, कॅरन रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. वृषण घडविणारे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसविल्यास दोन एक्स असलेले नर आणि एक्स-वाय असलेल्या माद्याही जन्माला येतात. अशा चारही प्रकारच्या उंदरांच्या जननग्रंथी काढून टाकल्यावर, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन एक्स असलेल्यांत एक्स-वायवाल्यांच्या दुपटीपर्यंत चरबी साठली. मुळात ग्रंथी वृषण होत्या की अंडाशये, याने फरक पडला नाही. म्हणजे संप्रेरके मादीला एका दिशेने राखतात आणि तिची गुणसूत्रे तिला दुसऱ्या दिशेने ओढतात. त्यात भर अशी की, प्रयोगशाळा बहुधा वीस-बावीस अंश तपमानावर ठेवतात. उंदराला सुखाचे तपमान तिसाच्या आसपास असते. ऊब टिकविण्यासाठीच तो बरीच ऊर्जा जाळतो. एका उपाधीखाली दुसरी उपाधी निघत जाते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. दोन्ही लिंगांचे उंदीर वापरावयाचे, तर अधिक जीवांचा बळी जाणार. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच प्राण्यांची संख्या घटविण्याचे तत्त्व मांडले होते, आणि भारतातही १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. उत्तर सरळ नाही. ठरलेली संख्या निम्मी-निम्मी वाटून घेतली, तर आहाराचा एकंदर परिणाम पुष्कळदा तेवढ्यातच तपासता येतो. मात्र नरमादीतील फरकच नेमका मोजावयाचा असेल, तर संख्या वाढते, हे मान्य केले पाहिजे. पण दुसरी बाजूही आहे. जन्मणारी निम्मी पिल्ले माद्या असतात आणि प्रयोगाला नको असलेल्या माद्या अनेकदा तशाच मारल्या जातात. शिवाय अर्धवट उत्तरासाठी घेतलेला जीव वाचविलेला जीव नव्हे. ज्या मुक्या प्राण्याकडून आपण ज्ञान घेतो, त्याच्या मरणातून निदान पुरते सत्य काढणे, हे आम्ही त्याचे किमान ऋण समजतो.

अर्धवट ज्ञानाची किंमत माणसेही मोजतात. झोल्पिडेम हे झोपेचे औषध अमेरिकेत १९९२ साली मान्य झाले. स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचावर आणली गेली ती २०१३ मध्ये, कारण त्यांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळी वाहन चालविताना गुंगी उरू शकते. एकवीस वर्षे एकच मात्रा सर्वांची मानली गेली. हा उंदरांच्या प्रयोगाचा दोष नव्हता; पण मनाची सवय तीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये दोन्ही लिंगांचा विचार आवश्यक असल्याचे जाहीर केले आणि २०१६ पासून तसे धोरण अमलात आणले, ही त्या सवयीला घातलेली पहिली मोठी मुरड म्हणावी लागेल.

येथे दोन मोह टाळले पाहिजेत. समतेचा पुरस्कर्ता म्हणतो, भेद बोलूच नका, बोललात की विषमतेला आधार मिळतो. दुसरा म्हणतो, भेद निसर्गाने घातला आहे, तेव्हा ज्याचे त्याचे स्थानही निसर्गानेच ठरविले. पहिल्याने स्त्रीला पुरुषासाठी बेतलेली मात्रा दिली. दुसरा उंदरांच्या पिंजऱ्यावरून संसाराची घडी सांगू पाहतो, आणि ती तर शितावरून भाताची परीक्षा याहूनही धाडसाची गोष्ट झाली. देह कसा चालतो हे प्रयोग सांगेल. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे त्याने सांगितलेले नाही.

समता म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे, अशी आपली समजूत असते. आम्हांस ती अपुरी वाटते. प्रत्येकाला मोजले जाण्याचा सारखा हक्क असणे, हा समतेचा अधिक खोल अर्थ होय. एखादा नियम ‘सर्वांना लागू’ म्हणून पुढे येईल, तेव्हा तो कोणाला पाहून केला आणि कोणाला पाहिलेच नाही, एवढे विचारण्याची सवय प्रयोगशाळेला आता लागू लागली आहे. घर, शाळा आणि सभा चालविणाऱ्या आपणांसही ती लावून घेता येईल.